आत्याच्या तोंडावरचा मास्क

भावाच्या मुलीचं बारसं होतं आणि नेमका त्याच सकाळी माझा ओठ चुरचुरायला लागला. आरशात पाहिलं तर कोपऱ्यात पाण्याने भरलेले बारीक फोड. हर्पीस. प्रयोगशाळेत मी ज्याच्यावर काम करते तोच विषाणू.

तो मज्जातंतूंत वर्षानुवर्षं निपचित पडून राहतो. जागा झाला की त्याची प्रथिनं पेशीचा ताबा घेतात. सुरुवातीची प्रथिनं त्याची जनुकं चालू करतात, मग त्या जनुकांपासून तयार झालेली प्रथिनं त्याच्या डीएनएच्या प्रती काढायला लागतात. तान्ह्या बाळाच्या तर हे जिवावर बेतू शकतं. विद्यार्थ्यांना मी सगळं न अडखळता सांगते. पण घरात ‘हर्पीस’ म्हणायचं? मी चाळिशीची, बिनलग्नाची. हे शरीरसंबंधातूनच होणारं दुखणं समजून लोक काय अर्थ काढतील ते मला ठाऊक होतं. मास्क लावला आणि कोलकात्याच्या फोर्ट विल्यममधल्या भावाच्या लष्करी क्वार्टरवर जाऊन सांगितलं, सर्दी झालीय, पाळण्याजवळ येत नाही.

वहिनीचा चेहरा पडला. “ताई, कानात नाव आत्यानेच सांगायचं ना?”

मी हटून बसले. मग आमच्या चुलतबहिणीला पुढे केलं. बँकेतल्या बदलीमुळे तीही कोलकात्यातच असते. ती हौसेने पाळण्यात वाकली आणि मला तिचा ओठ दिसला. लिपस्टिकखाली खपली धरलेला फोड.

“थांब! तुझ्या ओठावर हर्पीस आहे, बाळाला होईल!” मी केवढ्याने ओरडले.

पाळणा म्हणणाऱ्या बायका गप्प झाल्या. तिने तोंडावर पदर धरला. सगळ्यांच्या नजरा तिच्यावर, आणि मी मास्कआड सुरक्षित. ज्या शब्दाची मला सकाळपासून लाज वाटत होती, तो मी खुशाल तिच्या माथी मारला होता. मला स्वतःची किळस आली.

“बरं झालं बाई सांगितलंस,” ती म्हणाली. “मला वाटलं, तापातला साधा फोड. केवढं पाप झालं असतं माझ्या हातून! तुला सर्दीच आहे ना? मग मास्क लावून तूच सांग नाव.”

वहिनीने लगेच बाळ उचलून माझ्यापुढे धरलं. मी मागे सरले आणि मास्क खाली ओढला.

चुलतबहीण माझ्या ओठाकडे बघत राहिली.

“म्हणजे तुला सकाळपासून माहीत होतं,” ती म्हणाली.

शेवटी नाव भावानेच सांगितलं. आम्ही दोघी आत्या दाराशी उभ्या होतो. तिने पदर अजून तोंडावर तसाच धरला होता.