अण्णांचं 'मेलो'

आमच्या घरमालक अण्णांइतका मोठ्यानं कण्हणारा माणूस अख्ख्या बेंगळुरूत नव्हता. मी पुण्याहून नोकरीसाठी आले आणि इथल्या शिवाजीनगरच्या बाजारामागे त्यांच्या तळमजल्यावर भाड्यानं राहू लागले. पहिल्याच सकाळी वरून "मेलो! मेलो गं आई!" अशी आरोळी आली. मी अनवाणीच जिना चढले. बघते तर अण्णा नखं कापत बसले होते. शेजारी त्यांच्या पत्नी, अक्का, शांतपणे कोथिंबीर निवडत होत्या. "घाबरू नको गं," त्या म्हणाल्या, "अंगठा चाललाय. करंगळीपर्यंत आवाज उतरतो."

डास चावला तरी अण्णा मरत, कॉफीनं जीभ पोळली तरी मरत. एकदा दवाखान्यात नर्सनं सुईचं टोपणसुद्धा काढलं नव्हतं, तेवढ्यात यांनी अशी हाक दिली की बाहेर बसलेले दोन पेशंट उठून घरी गेले. यातही माणूस शिस्तीचा. घरात 'मेलो' म्हणत, पण ऑटो खड्ड्यात आदळली की "अय्यो, सत्ते!" असं तेच मरण खणखणीत कन्नडमध्ये. मी कारण विचारलं तर म्हणाले, "दुखणं समोरच्याच्या भाषेत सांगावं. नाहीतर कण्हून उपयोग काय?" होसकोट्याच्या कारखान्यात सुपरवायझर असताना म्हणे ते सहा भाषांत कण्हत. सहाव्या भाषेबद्दल अक्कांना शंका होती.

मग त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. कॉफीचा पेला बशीवर वाजायला लागला. डॉक्टरांनी पार्किन्सन्स सांगितला, गोळ्या सुरू झाल्या. थरथर कमी झाली, पण हळूहळू चेहरा ताठरला. हसू, राग, कंटाळा, सगळ्याला एकच चेहरा. आवाज इतका खोल गेला की शेजारी बसून ऐकू येईना. आणि घर शांत झालं. येणारेजाणारे म्हणायचे, "अण्णा सुधारले हं! आता कण्हत नाहीत."

एका पहाटे अक्का त्यांना मोजे घालायला बसल्या. डाव्या पायाची बोटं आत वळून दगडासारखी घट्ट झाली होती. अण्णांच्या कपाळावर घाम होता आणि चेहरा मात्र पेपर वाचत असल्यासारखा. ओठ तेवढे हलत होते. अक्कांनी तोंडाशी कान नेला. ते म्हणत होते, "मेलो... मेलो गं आई..." कधीपासून म्हणत होते, कोण जाणे. अक्कांनी हे मला त्याच दिवशी खाली येऊन सांगितलं. आयुष्यभर डास चावला तरी ओरडलेल्या माणसाला खरं दुखलं, तेव्हा ऐकायला कुणी नव्हतं.

पुढच्या खेपेला मीही डॉक्टरांकडे गेले. त्यांनी हात पाहिले, चालवून पाहिलं आणि कंप्युटरकडे बघत विचारलं, "नोवु इदेया?" म्हणजे, दुखतंय का? अण्णांचे ओठ हलले. आवाज आला नाही. "इल्ला. गुड," म्हणत, दुखत नाही असं धरून डॉक्टर टाइप करायला लागले. तेवढ्यात अक्का उभ्या राहिल्या. चारचौघांत पदर न ढळू देणारी ती बाई, आणि तिनं छत हादरेल अशी आरोळी ठोकली, "अय्यो! सत्ते! सत्ते!" डॉक्टरांची बोटं कीबोर्डवरच थांबली. "मी नाही, हे बोलतायत," अक्कांनी कन्नडमध्ये सुनावलं. "त्यांचं तोंड बघू नका. तोंड गेलंय, दुखणं नाही गेलेलं."

मग डॉक्टर खुर्ची सोडून खाली बसले. पाय हातात घेऊन त्यांनी विचारलं, गोळीच्या आधी दुखतं की नंतर? अक्का म्हणाल्या, आधी. पहाटे सगळ्यात जास्त. डॉक्टरांनी सांगितलं की हे वयाचं दुखणं नव्हे, त्याच आजाराचं आहे. गोळीचा अंमल उतरला की स्नायू ओढले जातात. त्यांनी गोळ्यांच्या वेळा बदलल्या, रात्रीची एक वाढवली, आखडलेल्या बोटांना व्यायाम दिला. "कमी होईल," म्हणाले. "पूर्ण जाईल असं म्हणत नाही."

कमी झालं. पूर्ण गेलं नाही. अजून एखाद्या पहाटे वरून "मेलो गं आई!" ऐकू येतं, पण आवाज अक्कांचा असतो. अण्णांच्या तोंडाशी कान लावायचा, ऐकायचं आणि त्यांच्या वतीनं ओरडायचं. "बाईमाणसानं 'मेले' म्हणावं ना?" समोरच्या आजींनी हटकलं. "पाय माझा आहे का?" अक्का म्हणाल्या.

परवा सर्दीनं अक्कांचा घसा बसला होता. मी काढा घेऊन वर गेले, तर अण्णांचा पाय अक्कांच्या मांडीवर होता, बोटं वळलेली. अक्का ओरडल्या, पण नुसती घरघर निघाली. अण्णांचे ओठ हलले. अक्कांनी कान लावला, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

"म्हणतात, स्वल्प मोठ्यानं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काढा खाली ठेवला, अण्णांच्या उशाशी बसले आणि घसा साफ केला.