चोकवरचा नारळ
मुलांनो, काल कुठून तरी पेट्रोलचा वास आला आणि मला नाशिकची आमची जुनी मोटार आठवली. एका वर्षी दसऱ्यानंतर ती काळा धूर सोडू लागली. पेठला जाऊन यायला एक डबा पेट्रोल पुरायचं, तिथे दीड लागू लागलं. ड्रायव्हरचाचा पेट्रोल विकतात असं वडिलांना वाटलं आणि त्यांनी नवा माणूस शोधायला घेतला. मला मात्र त्या धुराचं कोडं सुटेना, म्हणून मी पुढच्या सीटवर जाऊन बसले. आजीने दसऱ्याच्या पूजेचा नारळ लाल फडक्यात बांधून समोरच्या फळीखालच्या एका दांडीला टांगला होता, आणि दांडी दोन बोटं खाली ओढली गेली होती. "चाचा, हे काय?" "चोक, बेटी. ओढला की इंजिनाला जास्त पेट्रोल मिळतं, धूर होतो. नारळाने तो ओढलेलाच राहतो." "मग नारळ काढत का नाही?" "आजीसाहेबांची पूजा आहे. मी हात कसा लावू?" मी आजीला हाताला धरून आणलं आणि सगळं सांगितलं. तिने नारळ सोडवला, पायरीवर फोडला आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा चाचांना देत म्हणाली, "तोंडाला कुलूप होतं का रे तुझ्या?" वडिलांनी नव्या माणसाचा शोध थांबवला. अजूनही कोणाचा संशय आला, की आपण कुठे काय टांगून ठेवलंय, ते मी आधी पाहते.