पट्टी एक काढा म्हणणारा फोन

मी लिहिणारी बाई नाही. सातवी झाली न् लग्न झालं, त्यामुळे चुका असतील, त्या सांभाळून घ्या. आणि आधीच सांगते, भूतबित मी कधी मानलं नाही. आमच्या गल्लीत कुणाच्या अंगात आलं की बाया पाया पडायला पळायच्या, मी भाकरी थापत बसायची. पण गेल्या साली, म्हणजे अठ्ठ्याण्णवला, भादव्यात धुळ्याला जे झालं ते मी स्वतःच्या कानानं ऐकलंय... ते कुठं ठेवू?

आम्ही शिंदखेड्याचे. भूषणचे पप्पा नरडाण्याला कंपनीत शिफ्टला जातात. भूषण तेव्हा दोन वर्षांचा होता. त्याच्या आदल्या साली त्याला निमोनिया झाला होता, तेव्हा धुळ्याच्या पोरांच्या डॉक्टरांनी एक इंजेक्शन दिलं न् पोरगं असं सुजलं — डोळे दिसेनात, ओठ निळे. कसंबसं वाचलं. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं, हे इंजेक्शन याला परत कधीच द्यायचं नाही, कागद जपा.

आणि मी काय केलं? पोरगं बरं झालं तसं सासूबाई म्हणाल्या, "दुखनाना कागद घरमा ठेवू नको, दुखनं परत येस." आमच्याकडे तसं करतात, दुखण्यातलं अंथरूण, बाटल्या, सगळं घराबाहेर काढतात. मी दवाखान्याची फाईलच्या फाईल तापीत सोडली. वर हळदीकुंकू वाहिलं. मला वाटलं, सुटलो!

तर भादव्यात पोराला परत तसाच ताप. छाती अशी खालीवर, बरगड्या मोजता येतील अशी. सकाळच्या एसटीनं मी न् सासूबाई धुळ्याला पोचलो. त्याच डॉक्टरांनी सलाईन लावलं, साधं औषध चालू केलं, पण दुपारी बारापर्यंत ताप तसूभर हलला नाही. डॉक्टर म्हणाले, "आता मोठं इंजेक्शन लागेल. माझ्याकडे दोन आहेत. मागच्या वेळी कोणतं बाधलं होतं?"

मी सासूबाईंकडे बघितलं.

"कागद कुठे आहे?"

"तापीमाय... तापीत सोडला."

डॉक्टर माझ्याकडे बघतच राहिले. रागावलेसुद्धा नाहीत, त्याचीच मला जास्त भीती वाटली. म्हणाले, "मी रोज साठ पोरं तपासतो बाई, मला आठवत नाही. पण कॉम्प्युटरमध्ये असेल. पाटील भाऊंकडे जा, पोराचं नाव-गाव सांगा."

पाटील भाऊ म्हणजे त्यांचे जुने कंपाउंडर. पन्नाशीचे असतील. डॉक्टरांनी त्यांना कोर्स करायला लावून कॉम्प्युटरवर बसवलं होतं, आणि तेव्हापासून वहीत लिहिणं बंद. सगळी पोरं त्या डब्यात. मी गेले तर भाऊ घामाघूम. जुना कॉम्प्युटर आठ दिवसांपूर्वी जळाला होता, आदल्या दिवशी नवाकोरा आला, त्यात जुन्याची डिस्क बसवली होती. म्हणजे आतलं सगळं जुनंच, जुना डॉस, जुना प्रोग्राम, फक्त डबा नवा. आणि प्रोग्राम चालू केला की एकच ओळ यायची.

"काय म्हणतंय भाऊ?"

"नॉट इनफ मेमरी. म्हणजे मेमरी पुरत नाही म्हणे! जुन्या डबड्यात फक्त चार एमबी होती तरी धावत होतं, ह्याच्यात चौसष्ट टाकलीय तरी भूक लागलीच आहे याला!"

त्यांनी काय काय केलं, मी उभी राहून बघत होते. सुरुवातीच्या फायलीतल्या ओळी काढल्या, फ्लॉपी घालून चालू केलं, माऊसची वायर उपटली. दर वेळी तीच ओळ. त्यात डॉक्टरांचा निरोप, "अर्धा तास बघतो. नाहीतर मला ठरवावं लागेल." ठरवावं लागेल म्हणजे काय ते मला कळलं. दोनातलं एक... चिठ्ठी उचलल्यासारखं.

पाटील भाऊ उठले. "बाजारात एकाकडे मेमरीची पट्टी मिळते, अजून एक आणतो न् टाकतो. अक्का, हात लावू नका कशाला." आणि चप्पल न घालताच जिना उतरले.

खोलीत मी एकटी. पलीकडून पोराचा रडण्याचा आवाज येत होता, मग तो पण येईना. मी भिंतीला टेकून उभी होते... आणि टेबलावरचा फोन वाजला.

मी इकडंतिकडं बघितलं, कुणी नाही. वाजतच राहिला. आयुष्यात मी कधी फोन उचलला नव्हता. वाटलं भूषणच्या पप्पांचा असेल. उचलला, पहिल्यांदा उलटाच धरला.

"कोन बोली ऱ्हायनं?" पुरुषाचा आवाज. आमच्याच भाषेत, शांत, जसं कुणी ओट्यावर बसून बोलतंय.

"मी... भूषणनी माय."

कोण भूषण, विचारलंच नाही त्यानं. म्हणाला, "रडू नको, बहीन. तो डबा बंद कर नि परत चालू कर."

"भाऊ हात लावू नको म्हनेल शेतस."

"मी सांगस ना. कर."

बटण दाबलं, परत दाबलं. काळ्या पडद्यावर आकडे पळायला लागले.

"आकडा वाचता येतस ना? कोठे थांबना?"

"पासष्ट हजार पाचशे छत्तीस."

"तेच तं! तो मेमरीना आकडा शे, जास्ती शे. जुना प्रोग्रामले इतलं मोजता येत नही. मोजता मोजता चुकस, नि म्हनस मेमरीच नही. अजून टाकशात तरी तेच म्हनी. आतमा दोन पट्ट्या शेतस, एक काढाले सांग. लिखी ले."

टेबलावर पेन होता. मी तळहातावर लिहिलं — एक काढा.

"भाऊ, तुम्ही कोन?"

"आधी पोऱ्याले देख," म्हणाला, आणि आवाज बंद. खरखर नाही, टूं नाही, काहीच नाही.

पाटील भाऊ हात हलवत परत आले, दुकान बंद होतं. मी तळहात पुढे केला. त्यांनी वाचला न् मला वाटलं आता मारतातच. "अक्का, ते उपाशी आहे म्हणतंय न् तुम्ही त्याच्या ताटातली भाकरी काढायला सांगता? कुणी शिकवलं?"

"फोन आला होता. तो भाऊ म्हणाला की —"

"कोणता भाऊ? मी सकाळपासून रक्त आटवतोय न् कुणी भाऊ फोनवर..."

तेवढ्यात डॉक्टर आत आले. हातात सुई भरलेली. मी पायच धरले त्यांचे. रडत रडत म्हटलं, एक काढा, एकदा काढून बघा, बिघडलं तर मी जन्मभर तुमच्याकडे भांडी घासीन. डॉक्टर म्हणाले, "पाटील, काढा. याहून काय बिघडणार आहे?"

भाऊंनी चरफडत डबा उघडला. आत खरंच दोन हिरव्या पट्ट्या, शेजारी शेजारी. एक काढली, माझ्याच हातात दिली. "धरा. तुम्हीच सांभाळा." चालू केला. आकडे पळाले, निम्म्यावर थांबले. भाऊंनी प्रोग्रामचं नाव टाईप केलं...

आणि उघडला. निळा पडदा, पांढरी अक्षरं. भूषण, शिंदखेडा — टाकलं, आणि आला माझा पोरगा पडद्यावर, खाली लाल ओळ. डॉक्टरांनी वाचली. हातातल्या सुईकडे बघितलं. मग ती सुई त्यांनी हळूच कचऱ्याच्या डब्यात टाकली न् तिथंच स्टुलावर बसले.

"हेच भरलं होतं मी," म्हणाले.

माझ्या हातातली पट्टी इतकी दाबली होती मी, की पंजावर तिचे दात उमटले होते.

दुसरं इंजेक्शन दिलं. दिवेलागणीला ताप उतरायला लागला, पोरानं पाणी मागितलं. सासूबाई एकदम हसायला न् रडायला लागल्या. मी पाटील भाऊंना म्हटलं, एवढं कंपनीत फोन करून भूषणच्या पप्पांना सांगा ना, पोरगं बरं आहे.

ते म्हणाले, "कुठून करू अक्का? तीन दिवसांपासून फोन मेलाय. रस्ता खोदताना वायर तोडली." आणि बोलता बोलता स्वतःच थांबले. माझ्या तळहाताकडे बघितलं. उठून रिसीव्हर कानाला लावला, वायर ओढली, खिडकीतून खाली बघितलं. चर तसाच उघडा, वायर तुटलेली, चिखलात पडलेली.

प्रोग्राम बनवून देणारे गृहस्थ जळगावचे. पाटील भाऊंनी कोपऱ्यावरच्या एसटीडीतून त्यांना विचारलं. ते म्हणाले, मी फोन केलाच नाही, आणि मला विचारलं असतं तर मी पण अजून पट्टी टाका म्हणालो असतो. मग त्यांनी चार दिवस बसून तपासलं, म्हणाले बरोबर आहे, माझ्या प्रोग्रामला त्या आकड्याच्या निम्म्यावर मोजताच येत नाही, आकडा उलटा होतो. म्हणजे डब्याचं कारण सापडलं. फोनचं नाही.

डॉक्टर म्हणतात, घाबरलेल्या माणसाला काहीही ऐकू येतं. येत असेल. पण सातवी शिकलेल्या बाईला पट्ट्या दोन आहेत हे कुठून ऐकू येईल? डब्याचं झाकण तर बंद होतं. भूषणचे पप्पा म्हणतात, विचार करू नको. मी करत पण नाही, देवाशप्पथ. पोरगं अंगणात पळतंय, मला पुरे आहे.

फक्त दवाखान्यातून सुट्टी मिळाली त्या दिवशी, तोपर्यंत वायर जोडून झाली होती, मी पाटील भाऊंना विचारून तो फोन उचलला. टूं वाजत होतं. भूषणच्या कानाला लावला, त्यानं वायर तोंडात घातली. मी हळूच म्हटलं, "पोऱ्या बरा शे, भाऊ." कुणी काही बोललं नाही. मग ठेवून दिला न् आम्ही स्टँडवर गेलो.