आमच्या घरमालकांना माणूस चालत नसे

साऱ्या मनुष्यजातीचा इतका मनापासून आणि इतका समान वाटून तिटकारा करणारा माणूस मी आमच्या घरमालकांखेरीज दुसरा पाहिला नाही. माणूसघाणे लोक पुष्कळ असतात. पण त्यांतला कुणी साहेबापुढे हसतो, कुणी जावयापुढे वाकतो. आमच्या मालकांचं तसं नव्हतं. सुटाबुटातला असो की लुंगीतला, त्यांच्या लेखी सगळा एकच माल. मुंबईत एका कचेरीत तक्रारींच्या खिडकीवर त्यांची हयात गेली होती. निवृत्त झाल्यावर, खाडीपलीकडे नवं शहर होतंय आणि तिथं अजून चिटपाखरू फिरकत नाही असं कळलं, तेव्हा ते वाशीला येऊन राहिले. मग हळूहळू आम्ही सगळे आलो. समोर नव्या इमारतीचा पाया खणायला लागले की ते गॅलरीत उभे राहून करवादायचे, "आले! इथंपण आले!" टोळधाड आल्यासारखे. दारावरच्या घंटीची वायर त्यांनी स्वतःच्या हातानं कापली होती. गणपतीची वर्गणी मागायला पोरं आली, तर दार न उघडता आतून ओरडले, "मालक वारले!" पोरंही बेरकी. "मग काका, आतनं बोलतंय कोण?" "जो वारला तोच. चला, फुटा."

असा माणूस भाडेकरू कशाला ठेवील? पण शेजारची खोलीही त्यांचीच होती, आणि ती रिकामी राहिली तर धाकटा भाऊ बायकापोरांसकट येऊन राहील अशी त्यांना धास्ती. "परका वाईटच," ते मला पहिल्याच भेटीत म्हणाले, "पण त्याला निदान हक्कानं चहा मागता येत नाही." मी तेव्हा तुर्भ्याला एका कारखान्याच्या ऑफिसात क्लार्क होतो. आमच्या घराण्यात कॉलेज पुरं केलेला पहिला मीच, त्यामुळे ताठ उभा राहून नाव सांगायला लागलो. त्यांनी हात वर केला. "नाव नको. नाव कळलं की ओळख होते." त्याआधी जिथं जिथं खोली बघायला गेलो, तिथं आधी हसून चहा, मग "आडनाव काय म्हणालात?", मग "मूळ गाव कुठलं?", आणि मग ती खोली एकदम कुणा मेहुण्याला दिलेली निघायची.

मी मराठवाड्यातून आईला आणलं. दारावर पाटी लावली, आडनाव आणि पुढं बी. ए. लावणारच. कमावलं होतं. पाटी सगळ्यांनी वाचली, उघड्या दारातून बुद्धाची मूर्ती सगळ्यांनी पाहिली, आणि मजल्यावरचं बोलणं आटलं. संध्याकाळी गॅलरीत बायका निवडण-टिपण घेऊन बसायच्या. आई जाऊन टेकली की एकेकीला गॅसवरचं दूध आठवायचं.

आमचा अकरा महिन्यांचा करार संपत आला तसे सोसायटीचे सेक्रेटरी मालकांच्या दारात येऊन उभे राहिले. मी माझ्या दाराआड.

"काका, यंदा नवा भाडेकरू बघा. म्हणजे... जरा चांगला माणूस."

"कुठं मिळतो?"

"काय?"

"चांगला माणूस. तुम्ही पाहिलाय?"

"तसं नाही हो. आपल्यातला, म्हणतो मी."

"आपल्यातला? तुमच्यात-माझ्यात आहे काय? मला तुम्हीपण आवडत नाही." आणि दार धाडकन लागलं.

करार वाढला. आईला वाटलं, माणूस देवासारखा आहे. वैशाखी पौर्णिमेला तिनं खीर केली आणि वाटी झाकून त्यांच्याकडे नेली. शेजाऱ्याची वाटी रिकामी परत करू नये, चिमूटभर साखर तरी घालावी, ही आपल्याकडची रीत. मालकांनी ती भरलेलीच परत केली. गॅलरीत, सगळ्यांच्या देखत. "मी खात नाही." सेक्रेटरींच्या पत्नी, म्हणजे मजल्याच्या वहिनी, हळू, पण ऐकू जाईल इतपतच हळू, म्हणाल्या, "बघा. खोली दिली, पण हातचं घेतलं का?"

आईनं दुसऱ्या दिवशी बोचकं बांधायला घेतलं. "गावात तोंडावर सांगत व्हते रं. हितं हसून सांगत्यात. मला गावाला सोड."

"आई, ते कुणाचंच खात नाहीत."

"तू शिकलायस, तुला पचंल. मला न्हाई पचत."

एवढं शिकून आईला धड एका खोलीत मानानं ठेवता येत नसेल, तर ती पाटी काय चाटायची? मी तडक मालकांच्या दारावर थाप मारली.

"आईची वाटी परत का केलीत?"

"मी कुणाचंच खात नाही."

"मला माहीत आहे. त्यांना कसं कळणार? तुम्हाला दुसरं कुणी कधी काही पाठवतच नाही."

त्यांच्या कपाळावरची शीर उडायला लागली. "म्हणजे ह्या लोकांना वाटतंय, मी त्यांच्या बाजूचा आहे?"

"हो."

असा अपमान त्यांचा जन्मात कुणी केला नसावा. त्यांनी चपला घातल्या आणि जाऊन सेक्रेटरींचं दार ठोठावलं. मी मागं, मुठी आवळून. आता जुंपणार.

"वहिनी, आज काय केलंय?"

"साबुदाण्याची खिचडी. का हो काका?"

"आणा एक ताटली."

वहिनी हरखल्या. वर ओलं खोबरं, लिंबाची फोड. मालकांनी ताटली घेतली, गॅलरीच्या मधोमध येऊन सगळ्यांना दिसेल अशी धरली, आणि परत वहिनींच्याच हातात ठेवली. "मी खात नाही."

"अहो, मग मागितलीत कशाला?"

"परत करायला."

तिथून पुढचं दार. तिथली धिरडी परत. त्यापुढचं बोंबलाचं कालवण परत. खालच्या मजल्यावरचा शिरा इतका गरम होता की बोटं पोळली, तरी मागून घेतला आणि परत केला. तोच आवाज, तेच तोंड.

गॅलरी पेटली. "मेला माणूस आहे की कोण!" "माझ्या कालवणाला नाक मुरडतो?" आरडाओरडा ऐकून आई बोचकं तसंच टाकून दारात आली. संतापलेल्या माणसाला ऐकणारं कुणीतरी लागतंच. वहिनी तिच्याकडे वळल्या. "मावशी, तुमची खीरपण अशीच परत केली ना हो त्यांनी?"

"आवं, जायफळ घातलेली व्हती!"

"ऐकलंत? जायफळ घातलेली!" वहिनींनी सरकून जागा केली आणि आई बसली. त्या संध्याकाळी मालकांचा जो उद्धार झाला, त्यात आईच्या मराठवाडी शिव्या सगळ्यांत वजनदार ठरल्या. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. मालकांनी आतून एकदा पाहिलं आणि खिडकी लावून घेतली.

एवढ्यानं जात गेली, असं मी म्हणणार नाही. वहिनींनी आमच्याकडचं पाणी प्यायला पुढं बराच काळ घेतला. पण बोचकं सुटलं.

मालकांना मात्र तो मजला सोसवेना. माणसं आता त्यांच्याच खिडकीपुढं जमून हसत होती. रेल्वे येणार अशी बोलवा उठली तशी ते आपली खोली बंद करून उरणकडे, मोरा बंदराच्या बाजूला कुठंतरी निघून गेले. जाताना कुणाला बोलले नाहीत. भाडं भावाकडे द्या, एवढंच मला सांगितलं. मी एकदा मोऱ्याच्या धक्क्यापर्यंत जाऊन चौकशी केली. असा कुणी माणूस आहे का, विचारलं, तर तिथल्या कोळणी हसून म्हणाल्या, "मानसांचा राग करनारा? आमच्यात कुठला तो!"

आई अजून दर पौर्णिमेला खीर करते. आता सगळ्या दारांत वाट्या जातात, सगळे घेतात, वहिनी तर दुसऱ्यांदा मागून घेतात. वाटून झालं की आई त्या कुलूपबंद दाराशी जराशी थांबते.

"समदेच घेत्यात रं आता," ती म्हणते. "पर एवढ्या नेकीनं परत करनारा मानूस ग्येला."