खळदकरांच्या घरातला भामाबाईंचा कप

एखाद्या घराच्या दारात जन्मभर रोज सकाळी जायचं, आणि त्या घरातली चूल कुठल्या भिंतीला आहे हे कधी कळूच नये, असं तुमच्या बाबतीत झालंय का? नसेल, तर तुम्ही बहुतेक आतले. मग भामाबाईंची गोष्ट तुम्ही ऐकलीच पाहिजे.

भामाबाई शिरूरच्या. माहेर दौंडकडचं, भीमेच्या काठचं. लग्न करून आल्या त्या घोडनदीकाठच्या माळ्याच्या मळ्यात. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब, बांधाला तुळस. नवरा पाणी धरायचा, ही फुलं तोडायची, आणि उजाडता उजाडता डोक्यावर पाटी घेऊन पेठेत शिरायची. पळसाच्या पानात फुलं, वर दुर्वा, केळीच्या सोपटाची गाठ. अशा पुड्या घरोघर. कुणाच्या कडीला अडकवायची, कुणाच्या खिडकीच्या गजाला. तोंडानं बाई फटकळ. कुणी म्हणालं, "फुलं शिळी वाटतात गं," की ही म्हणणार, "देवाला इचारून या, त्याची तक्रार हाय का!"

खळदकर वकिलांकडची पुडी मात्र कडीला चालत नसे. ती वेळ पूजेची, वकिलीणबाई सोवळ्यात. पुडी ओट्यावर ठेवायची आणि मागं सरायचं. वकिलीणबाई उंबऱ्याच्या आतूनच तांब्यातलं पाणी शिंपडायच्या, मग फुलं उचलायच्या. फुलं आत जायची, भामाबाई ओट्यावर. यात भांडण नव्हतं बरं का. वकिलीणबाई मायेच्या. भामाबाईंच्या बाळंतपणात डिंकाचे लाडू पाठवलेले त्यांनी, मळ्यापर्यंत. पण उंबरा तो उंबरा. आतून फोडणीचा वास यायचा, झोपाळ्याची कुरकुर यायची. भामाबाईंचं नाक आत जाऊन यायचं, कान आत जाऊन यायचे, बाकीची बाई बाहेर.

पुढं वकिलीणबाई गेल्या. घराला कुलूप लागलं. भामाबाईंचे गुडघे गेले आणि पाटी सुटली. आता वकिलांच्या नातीनं, अनुपमानं, ते घर डागडुजी करून लोकांना बघायला खुलं केलंय. पेठेतली माणसं रोज कशी जगत होती, ते दाखवायला. राजांच्या तलवारी जपायला सगळे पुढं येतात. पोळपाट, मिसळणाचा डबा, कंदील, पोरांच्या पाट्या कोण जपतं? पोरीनं काम चांगलं केलंय, हे आधीच सांगितलेलं बरं.

भामाबाईंची सून शितल रांजणगावच्या कंपनीत आहे. गुरुवारी तिला सुट्टी. त्या दिवशी ती म्हणाली, "आत्या, चला, तुमचं वकिलाचं घर बघून येऊ. पुण्यास्नं लोकं येत्यात म्हणं."

"मी काय बघू? जन्मभर बघितलंय."

"दार बघितलंय तुम्ही."

 भामाबाई उठल्या आणि ट्रंकेतून ठेवणीतलं लुगडं काढलं.

स्कूटर पेठेत थांबली. ओटा तोच. भामाबाईंनी सवयीनं चपला एका कडेला, पार कोपऱ्यात काढल्या. दारापाशी आल्या आणि पाय थांबला.

"आता काय? व्हिसा लागतो का?" शितल म्हणाली. "टाका उजवा पाय. नवी नवरी तुम्ही!"

"गप गं, चाबरे."

आतून अनुपमा आली. लहानपणी ती ह्याच ओट्यावर बसून भामाबाईंकडून गुलाब मागून घ्यायची. तिनं ओळखलं, धावत येऊन हात धरले. "भामाबाई! तुम्ही आत या ना, अशा बाहेर काय!" आणि हाताला धरून ओढलंच. उंबरा मागं पडला, तो भामाबाईंना कळलाही नाही.

मग घर पाहिलं. माजघर, देवघर, झोपाळा. चूल उगवतीच्या भिंतीला. भामाबाई तिच्यासमोर किती तरी वेळ उभ्या राहिल्या.

"आवडलं का?" अनुपमानं विचारलं.

"लहान हाय गं, अनुताई. मला वाटायचं, ह्ये मोठं थोरलं सैपाकघर आसंल. वासच तसा यायचा."

अनुपमा हसली. भामाबाई हसल्या नाहीत. डोक्यात बांधलेलं एवढं मोठं घर असं एका नजरेत मावलं, की माणसाला कसं तरीच होतं.

स्वयंपाकघराच्या भिंतीला काचेचं कपाट होतं. आत निळ्या काठाचे कप रांगेनं मांडलेले. खाली चिठ्ठी. शितलनं वाचली, "घरातल्या मंडळींचे रोजचे चहाचे कप." रांगेच्या टोकाला एक कप वेगळा, हिरव्या पानाच्या नक्षीचा, कान तुटलेला.

भामाबाईंनी काचेला बोट लावलं. "ह्यो माझा."

"तुमचा?"

"भायेर ओट्यावर कोनाडा हाय न्हवं, त्यात ऱ्हायचा, पालथा. वकिलीणबाई वरून च्या वतायच्या. मी प्यायची, इसळायची, परत पालथा घालायची."

अनुपमानं क्षणभर आठवून पाहिलं. घर आवरताना जे जे कपासारखं सापडलं, ते सगळं धुऊन एकत्र मांडलं होतं. बाहेरचा कप असा आतल्यात मिसळून गेला. तिचा चेहरा फुलला. "मग तर फारच छान! आपण तुमचं नाव लिहू. 'घरच्याच भामाबाईंचा कप.' तुमचा फोटोही लावू इथं, चुलीपाशी."

"राहू द्या की हितंच, आत्या," शितल हळूच म्हणाली. "कप तरी आत आला."

खोटं कशाला बोला, भामाबाईंना ते गोड वाटलं. सगळी पेठ येऊन आपलं नाव वाचणार. पुण्याची माणसं वाचणार. चुलीपाशी आपला फोटो! इतकी वर्षं ज्याच्यासाठी नाक आत पाठवलं, ते घर आज स्वतः हात धरून बसवत होतं. त्यांनी पदर सारखा केला. काचेतल्या कपाकडं पाहिलं, निळ्या कपांकडं पाहिलं.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "त्यो भायेर ठिवा. कोनाड्यात."

"अहो पण का?"

"हितं ठिवला, तर मी हितं बसून च्या प्याले आसं व्हतंय. मी न्हाई प्याले. उद्या तुझ्यासारख्याच पोरी येत्याल, म्हणत्याल, काय बाई, सगळी कशी येका रांगेत बसत व्हती! मग मी जी उन्हात, थंडीत त्या ओट्यावर उभी ऱ्हायले, ती कोण व्हती?"

अनुपमाचा भाऊ सत्यजीत हे ऐकून शेजारच्या खोलीतून आला होता. घराचा ट्रस्ट तोच सांभाळतो. "मावशी, आजीनं तुम्हाला कधी वाईट वागवलं का?"

"न्हाई रं बाबा. साखर जास्तच घालायची माझ्या च्यात."

"मग?"

"मग काय? साखर आतली आन् भायेरची येकच. कप येगळा."

"तो काळच तसा होता."

"काळच दाखवाया घर उघडलंय न्हवं तुमी?"

 सत्यजीत म्हणाला, "लोक आजीला नावं ठेवतील हो. ती गेली, आता तिच्या बाजूनं बोलायला कुणी नाही." 

भामाबाईंचा राग तिथं उतरला. "मी हाय की बोलाया. डिंकाचे लाडू बी लिवा चिठ्ठीवर. दोन्ही लिवा. तिनं लाडू दिलं, आन् कप भायेर ठिवला. बाई येकच व्हती ती."

अनुपमानं कपाट उघडलं. कप हातात घेतला, तुटक्या कानावरून अंगठा फिरवला. ती निघालीही होती दाराकडं. पण सत्यजीत म्हणाला, "अनू, थांब. ट्रस्टच्या बैठकीत ठरवू." ती थांबली. भावाकडं पाहिलं, भामाबाईंकडं पाहिलं, आणि कप परत त्याच जागी ठेवला.

 भामाबाई तडक बाहेर ओट्यावर आल्या. कोनाड्यात आता माहितीपत्रकांचा गठ्ठा होता. तो उचलून त्यांनी शितलच्या हातात दिला, पदरानं कोनाडा आतून पुसला, कोपऱ्यातली धूळ फुंकरीनं काढली.

"आत्या, ह्याचं काय करू?" शितलनं गठ्ठा दाखवला.

"दे आत टेबलावर. हितं जागा लागणार हाय."

बैठक अजून झालेली नाही. तारीख पुढं पुढं जातेय, आणि भामाबाई काही दर गुरुवारी येऊन भांडू शकत नाहीत. त्यांचे गुडघे तेवढे राहिलेले नाहीत. पण तुमचे आहेत. शिरूरला आलात की त्या घरात जरूर जा, पण आत शिरण्याआधी ओट्यावर थांबून कोनाडा बघा. तो रिकामा दिसला, तर आत जाऊन विचारा, भामाबाईंचा कप बाहेर का नाही? आणि मोठ्यानं विचारा.