भाऊंच्या मागची बेबीताई

आमच्या संघटनेत समता इतकी ठासून भरली होती की बेबीताईला बसायला जागा उरली नव्हती. खुर्च्या रिकाम्या असल्या तरी ती जमिनीवरच बसायची. सुलतानपूरच्या भीमनगरातली ही मजूर बाई अठरा वर्षं मोर्च्यांत घोषणा देऊन घसा फोडत आली, आणि बैठकीत मात्र आमचे नेते निवृत्तीभाऊ यांच्या मागे गप्प. ‘तिला तसंच बरं वाटतं,’ असं आम्ही एकमेकांना सांगायचो. मी पत्रकं लिहायचो. जातिअंतावर माझा हात फार सुरेख चालायचा. थू आमच्यावर. तीही बायांना बजावायची, “भाऊ शिकेल हायेत. आपण मधात तोंड घालू नाई.”

बीटी कपाशीचं बियाणं करणाऱ्या शेतांत बाया रोजाने जात. दुपारपासून संध्याकाळपर्यंत कळ्या हाताने सोलायच्या, दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना पराग लावायचा. मालक बाया शेतात असतानाच औषध फवारत. बेबीताईची गरोदर सून महामाया दोनदा तिथेच चक्कर येऊन पडली. बायांची मागणी एकच होती: आम्ही शेतात असताना फवारू नका.

ती मागणी घेऊन आम्ही देऊळगाव राजाला बियाणं कंपनीच्या साहेबांकडे गेलो. भाऊ अर्धा तास जागतिक भांडवलावर बोलले. साहेबांनी जांभई आवरून विचारलं, “बाया शेतात कधी असतात?”

“सकाळपासून दुपारपर्यंत,” भाऊंनी ठोकून दिलं. कपाशीच्या फुलाला त्यांनी फक्त भाषणात हात लावला होता.

“मग संध्याकाळी फवारायला सांगतो.”

“मान्य,” भाऊ म्हणाले आणि लढाई जिंकल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. मीही मान डोलावली.

“सांजच्यालेच त कळ्या सोलतो आमी, भाऊ,” बेबीताई मागून म्हणाली.

“ताई, मी बोलतोय ना.”

“हाव भाऊ,” म्हणून ती एक पाऊल मागे सरली. अठरा वर्षांत आम्ही तिला एवढंच शिकवलं होतं.

दारातून बाहेर पोटावर हात ठेवून बसलेली, आमच्यासोबत आलेली महामाया दिसत होती. साहेबांनी लिहायला कागद पुढे ओढला, तसा बेबीताईने पुढे येऊन त्यावर पंजा ठेवला.

“लिहू नोका साहेब. सांजच्याले फवाराल त आमच्या तोंडावर फवाराल.”

साहेबांनी भाऊंकडे पाहिलं. “खरं आहे का हे?”

भाऊंनी घसा साफ केला. “बायांना विचारून कळवतो.”

“कोनाले इचारता? मी काय भिताड हाओ?” बेबीताई म्हणाली. “भाऊ, तुमी जराक बाहेर जाऊन बसा. साहेब, आता मले इचारा.”