अँबॅसिडरची गादी मीच शिवली

नवरा गेल्यावर तिसऱ्या महिन्यात धाकट्या दिरानं भंगारवाल्याला घरी आणलं. त्यानं शेडातल्या अँबॅसिडरचं दार उघडलं आणि नाकाला रुमाल लावला. नवऱ्याच्या आजारपणात गाडी दोन वर्षं उभी होती. उंदरांनी गाद्या पोखरल्या होत्या, काथ्या बाहेर आला होता, छताचं कापड फाटून लोंबत होतं. याच गाडीतून नवऱ्यानं घाटनांदूरच्या कितीतरी बाळंतिणी अंबाजोगाईच्या दवाखान्यात वेळेत पोचवल्या होत्या.

"इंजिन चालतंय," मी म्हणाले.

"आतून लई सडलीय, वहिनी. काहून धरून बसता?"

"न्हाई द्यायची. त्यांना चहा पाजा आन् पाठवा."

दुसऱ्या दिवशी मी अंबाजोगाईला गेले. गाडीच्या गाद्या शिवणाऱ्या कारागिराला म्हणाले, मी ब्लाऊज शिवते, हे काम जरा बघू द्या. तो हसला. "ताई, हे बायामाणसाचं काम न्हाई. ब्लाऊज येगळा, गादी येगळी."

मी तांबडं रेक्झिन आणि जाड सुया घेतल्या आणि एसटीनं परत आले. रस्ताभर कान तापले होते.

जुन्या गादीची शिवण उसवली, तुकडे पुसून वर्तमानपत्रावर ठेवले आणि खाके काढले. इथवर सोपं होतं. पण ब्लाऊज चुकला तर उसवून पुन्हा शिवता येतो. रेक्झिनला सुई एकदा लागली की भोक कायमचं. पहिल्या गादीचं एक टोक डावं आणि एक उजवं हवं होतं, मी दोन्ही एकाच बाजूची कापली. अख्खा तुकडा वाया गेला. दीर बांधावरून बघत होता. मी तो तुकडा त्याच्यासमोरच दोरीवर वाळत घातला, जसं काही बिघडलंच नाही. मग आत जाऊन रडले आणि दुसरा कापला.

थंड रेक्झिन ताणलं की फाटायचं. मग भर दुपारी ते पत्र्यावर तापवायचं आणि मऊ पडलं की स्प्रिंगांवर ओढायचं, हे माझं मीच शोधलं. बोटांना फोड आले.

छताचं कापड मात्र एकटीनं जमेना. एक कड छताच्या तारेत अडकवली की दुसरी सुटायची. एक दिवस सासूबाई गाडीच्या मागच्या दारातून आत शिरल्या आणि दोन्ही हातांनी कापड वर धरलं. तोवर या गाडीबद्दल त्या चकार शब्द बोलल्या नव्हत्या.

"हात भरून आलेत गं. आटप लवकर."

"झालंच, आत्या."

"भंगारवाला परत आला तर मला हाक मार. मी बघते त्याच्याकडं."

पुढं दिराच्या मुलीच्या लग्नाची सुपारी चौसाळ्यात ठरली. त्या दिवशी दीर सकाळीच आला. "वहिनी, किल्ली द्या."

मला गाडी चालवायला नवऱ्यानंच शिकवलं होतं, पण माळावर. गावातून कधी चालवली नव्हती.

"मी चालवते. तुमी मागं बसा."

"लोकं काय म्हणतील?"

"इचारू की पोचल्यावर."

त्यानं मागचं दार उघडलं. आत बसला. चौसाळ्यात उतरल्यावर पाहुण्यांकडच्या बायका गादीवरून हात फिरवू लागल्या. एकीनं दिराला विचारलं, "कुठून करून घेतली ओ?"

त्यानं तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, "कुठून न्हाई. मी शिवली."

परत येतानाही गाडी मीच चालवली.